सोलापुरात राहून प्रवाळ जपायचे तर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सोलापूरला समुद्र नाही, मग तुम्हाला प्रवाळांचं काय पडलंय, असं मला बरेच जण विचारतात. समुद्रातून तोडलेल्या प्रवाळाला गिऱ्हाईक लागतं, आणि ते आपल्यासारख्या आतल्या शहरांतही असतं. पूजासाहित्याच्या दुकानात असतं, मत्स्यालयाच्या दुकानात असतं, मोबाइलवरच्या जाहिराती बघणाऱ्यांत असतं. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जाऊन पाण्यात उतरणाऱ्यांत घाटावरची मंडळी भरपूर असतात. प्रवाळांना धक्का लावणारे हात आपल्याकडचेही आहेत, तेव्हा ते थांबवायचं कामही आपल्याकडून सुरू झालं पाहिजे.

आमचा छोटासा गट गेली काही वर्षं हे काम करतोय. कुठं अर्ज द्यायचा, कुणाला फोन करायचा, दुकानदाराशी कसं बोलायचं, हे सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं. नव्या माणसाचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय. पहिल्या पाच पायऱ्या सोलापूर न सोडता होतात आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं काम तिथंच आहे. मालवणची वारी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

१. आधी प्रवाळ म्हणजे काय ते समजून घ्या

प्रवाळ हा प्राणी आहे. बरेचसे टाचणीच्या डोक्याएवढे, काही त्याहून मोठे असे मऊ जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. पिढ्यान्पिढ्या हे बांधकाम चालू राहिलं की त्याचा खडक होतो. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालाचाच.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाच्या वर एखादा अंश गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. याला विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मरत नाही, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, लांबलं तर प्रवाळ मरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर अशी विरंजनं झाली. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर असलेल्या या खडकांच्या आधारानं समुद्रातल्या सुमारे पाव जाती जगतात, त्यामुळे हे नुकसान एकट्या प्रवाळाचं राहत नाही.

आपल्या देशात मोठी प्रवाळक्षेत्रं आहेत ती कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला आणि अंदमान-निकोबारला. महाराष्ट्रात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास विखुरलेल्या वसाहती आहेत. १९८७ मध्ये तिथं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, तिथंही प्रवाळ आहेत. ते नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलं.

एवढी माहिती पाठ असली की पुढं कुणी 'तो दगडच ना?' असं विचारलं तर अडखळायला होत नाही. हा प्रश्न येतोच.

२. बाजारात काय विकलं जातं ते ओळखायला शिका

या पायरीवर वेळ द्या. आमच्या गटात नवीन आलेल्या प्रत्येकाला आम्ही आधी हेच शिकवतो.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे इंद्रजाल. काचेच्या चौकटीत मागे लाल किंवा पिवळं कापड आणि त्यावर पसरलेली काळसर, सपाट जाळी. मधली शीर सुतळीएवढी जाड, तिला फुटलेल्या फांद्या कडेकडेला बारीक होत जातात आणि टोकाशी केसासारख्या होतात. नीट पाहिलं तर कधी देठाच्या बुडाशी एक चपटा, पसरट थर दिसतो. तिथं हा जीव खडकाला चिकटलेला होता. विकणारे सांगतात की ही दुर्मीळ वनस्पती आहे, जंगलातली मुळी आहे. घरात लावली की नजर लागत नाही, वास्तुदोष जातो, दुकानाला बरकत येते. खरं म्हणजे तो समुद्रपंखा असतो किंवा काळा प्रवाळ, म्हणजे मेलेल्या प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप कोरल आणि फायर कोरल आहेत. २००१ पासून आहेत. विकणं, विकत घेणं, बाळगणं, तिन्ही गुन्हे. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. देशात अनेक शहरांत वनविभागानं इंद्रजाल जप्त केलेलं आहे.

दुसरी वस्तू मत्स्यालयाच्या दुकानात सापडते. काचेच्या टाकीत शोभेला ठेवायचे पांढरे, फांद्यांचे किंवा मेंदूसारख्या वळ्या असलेले तुकडे. कृत्रिम राळेचे असतील तर हरकत नाही. ते वजनाला हलके असतात आणि दोन तुकडे हुबेहूब एकसारखे निघतात, कारण साच्यातले असतात. खऱ्या तुकड्याच्या पृष्ठभागावर तारेसारखी बारीक बारीक घरं दिसतात. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करून पाहा, लगेच कळतं. घरी गोड्या पाण्याची टाकी असलेल्यांना आणखी एक गोष्ट सांगता येते. खरा प्रवाळ चुन्याचा असल्यामुळे त्यानं पाणी कठीण होतं, त्यातला आम्लपणा घटतो आणि बऱ्याच माशांना ते मानवत नाही. कायद्याचं बोलून जे ऐकत नाहीत ते माशांसाठी ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

मग हमखास कुणीतरी बोटातली अंगठी पुढं करतं, 'मग हे पोवळं?' पोवळ्याचा खडा मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळापासून येतो. आपल्या किनाऱ्यावरचे खडक बांधणारे प्रवाळ वेगळे. तोही जीव हळूहळू वाढणारा आणि अति उपशानं कमी झालेला आहे, एवढं सांगून थांबा. मंगळाच्या वादात शिरलात तर संध्याकाळ जाईल आणि इंद्रजालाचा विषय बाजूला राहील.

इथली चूक टाळा: विकणाऱ्याला लगेच गुन्हेगार ठरवू नका. मधल्या मारुतीच्या बाजूला फिरताना एका दुकानात आम्ही दोन चौकटी पाहिल्या. मालक वयस्कर होते. म्हणाले, "अहो, ही तर वनस्पती. गिऱ्हाईक मागतंय म्हणून ठेवतो की." आम्ही अनुसूचीचं पान मोबाइलवर दाखवलं, मोठं करून. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मुलाला हाक मारली आणि त्यालाही वाचायला लावलं. नंतर त्या दुकानात पुन्हा इंद्रजाल दिसलं नाही. बऱ्याच छोट्या दुकानदारांना आपण काय विकतोय हे खरोखर ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक आहे तो वेगळा कळतो. चौकट बाहेर मांडत नाही, 'आतून आणून दाखवतो' म्हणतो आणि भाव हळू आवाजात सांगतो.

३. तक्रार करायची वेळ आली तर

समजावूनही विक्री चालू असेल किंवा माल मोठा दिसत असेल, तर तिथं वाद घालत बसू नका. बाहेर या आणि हे करा.

आधी लिहून घ्या: जागा, जवळची खूण, तारीख, वेळ, वस्तू कशी दिसत होती, अंदाजे किती होत्या. रस्त्यावरून दिसत असेल तर फोटो घ्या. लपून चित्रीकरण करण्याच्या भरीस पडू नका.

मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. नाव गुप्त ठेवायचं असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा. फोनवर 'इंद्रजाल' एवढंच म्हणून सोडू नका. 'समुद्रपंखा किंवा काळा प्रवाळ, अनुसूची एक' असं स्पष्ट म्हणा, म्हणजे पलीकडच्या माणसाला नोंद घेणं सोपं जातं. त्याच दिवशी उपवनसंरक्षक, सोलापूर यांच्या नावानं लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. एकदा एका टेबलावर आमचा अर्ज 'ठेवून जा, बघतो' म्हणून घेतला गेला आणि पुढं तो कुणालाच सापडेना. तेव्हापासून शिक्का मिळाल्याशिवाय आम्ही खुर्चीवरून उठत नाही.

सोबत एवढं न्या:
– अर्जाच्या दोन प्रती
– फोटोंच्या छापील प्रती, मागे तारीख आणि जागा लिहून
– कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्रवाळांच्या पानाची झेरॉक्स, त्या नोंदीखाली रेघ मारून
– ओळखपत्राची प्रत

ती झेरॉक्स फार कामाची. समोरचा कर्मचारी काळवीट, मोर आणि माळढोकांची प्रकरणं हाताळणारा असतो, समुद्रातल्या प्राण्याशी त्याचा रोज संबंध येत नाही. त्याला पान शोधायला लावू नका.

जाहिरात मोबाइलवर असेल तर पडद्याचा फोटो घ्या. त्यात विक्रेत्याचं नाव, जाहिरातीचा पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोकडे ती पाठवता येते, आणि ज्या संकेतस्थळावर वस्तू विकायला आहे त्यांच्याकडेही तक्रार नोंदवता येते.

दोन सापळे आहेत, दोन्ही वाईट. पहिला, पुरावा म्हणून वस्तू विकत घेणं. खरेदी हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. दुसरा, दुकानाचं नाव घालून गावभर संदेश फिरवणं. त्यानं माल रातोरात हलतो आणि वर तुमच्यावर बदनामीचा दावा लागू शकतो.

घरात आधीपासून इंद्रजालाची चौकट असेल, आजोबांच्या काळातली वगैरे, तर ती विकू नका, कुणाला भेट देऊ नका. ओळखीच्या वकिलाचा सल्ला घ्या आणि वनविभागाशी लेखी संपर्क साधून ती कशी जमा करायची ते ठरवा.

४. मंडळं, शाळा आणि बचत गटांपर्यंत पोचा

सोलापुरात लोकांना गोळा करायला वेगळं सभागृह लागत नाही. गणपती आहेत, नवरात्र आहे, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे. यात्रेत महिनाभर माणसांचा ओघ असतो. पूजासाहित्य आणि नवलाईच्या वस्तूंचे स्टॉल बघताना डोळे उघडे ठेवा, आणि परवानगी घेऊन माहितीचं एक टेबल मांडता आलं तर फारच उत्तम.

पत्रक मराठीत काढाच, पण तेलुगू आणि कन्नडमध्येही काढा. पूर्व भागात तेलुगू पत्रक दिल्यावर आजीबाई स्वतः वाचायला घेतात. मराठी दिलं तर नातवाकडं सरकवतात. अक्कलकोटच्या बाजूला कन्नडचं तसंच. भाषांतर यंत्रावर सोडू नका, त्या त्या भाषेतल्या घरच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

देखाव्याला 'समुद्राखालचं जग' हा विषय मंडळांना आवडतो. इथं धोका असा की हौसेनं कुणी खरे प्रवाळ, शंखशिंपले विकत आणायला निघतं. त्याआधीच पर्याय पुढं ठेवा. यंत्रमागाच्या आणि टॉवेलच्या कारखान्यांत उरलेलं रंगीत सूत आणि कापडाच्या कडा वाटेल तितक्या मिळतात. क्रोशानं विणताना प्रत्येक ओळीत टाके वाढवत गेलं की कडा आपोआप झालरीसारखी मुडपते आणि हुबेहूब प्रवाळाचा आकार तयार होतो. विडीकाम करणाऱ्या बायकांच्या एका बचत गटानं आम्हाला असं विणून दिलं होतं. बोटांना वेगाची सवय असल्यानं दुपारभरात टोपली भरली. विणता विणता प्रश्न आपसूक निघतात, भाषण द्यावं लागत नाही. पांढऱ्या सुताचा एक ढीग वेगळा करून 'हा तापलेल्या पाण्यातला' असं सांगितलं की विरंजन पोरांना तिथंच कळतं.

पत्रकात एक वाक्य मात्र लिहू नका, जे फार जण लिहितात: 'आपण गटारात टाकलेलं प्लास्टिक मालवणच्या प्रवाळांवर जातं.' नाही जात. सोलापूरचं पाणी सीनेत आणि भीमेत जातं. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, भीमा पुढं कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेत श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणं आहेत. कचरा कमी करायची कारणं भरपूर आहेत, त्यात हे चुकीचं कारण घालायची गरज नाही. भूगोलाच्या एखाद्या मास्तरांनी भर वर्गात उभं राहून हे विचारलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पूजासाहित्य घेणाऱ्या माणसाच्या श्रद्धेची टिंगल करू नका. 'मावशी, हे झाडाचं मूळ नाही, समुद्रातल्या जिवांचं घर आहे, जिवंतपणी तोडून आणलेलं,' एवढं वाक्य पुरतं. पुढचं त्या ठरवतात, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतात.

५. कागदावरची लढाई: हरकत आणि माहिती अधिकार

किनाऱ्यावर बंदर, जेट्टी, कारखाना येणार असेल तर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. जागेवरची सुनावणी स्थानिकांसाठी असते, पण ज्यांचा विषयाशी रास्त संबंध आहे अशा इतरांना लेखी म्हणणं पाठवता येतं. सोलापुरात बसून पाठवता येतं. प्रकल्पाचा सारांश मराठीत उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. त्यात 'प्रवाळ' हा शब्द आहे का ते पाहा. नसेल आणि जागा प्रवाळांजवळची असेल, तर तुमचा पहिला मुद्दा तोच. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत प्रवाळांची जागा सर्वांत संवेदनशील गटात, म्हणजे एक-अ मध्ये धरली आहे. त्याचा उल्लेख करा.

हरकत लिहिताना भावनेचा एक परिच्छेद लिहायचा मोह होतो. लिहू नका. मुद्दा क्रमांक, सारांशातलं पान, तुमचा प्रश्न, मागणी, बस्स. दिलेल्या मुदतीत ईमेलनं पाठवा आणि रजिस्टर पोस्टानंही. शंभर जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे प्रश्न विचारलेले चांगले, कारण वेगळ्या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत बसवायचा. 'गेल्या पाच वर्षांत सोलापूर वनविभागानं प्रवाळ किंवा समुद्रपंखे जप्त केल्याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात,' असा सरळ अर्ज करा. 'का केलं नाही' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, नोंदीची प्रत मागितली तर मिळते. उत्तराची मुदत ३० दिवस.

आणखी एक गोष्ट घरातली. समुद्र तापतोय तो कोळसा आणि तेल जाळल्यामुळे, आणि सोलापूरच्या उन्हाची तक्रार आपण वर्षभर करतोच. ज्यांचं स्वतःचं छत आहे त्यांनी केंद्राच्या सूर्यघर योजनेची चौकशी करावी. ३ किलोवॅट आणि त्यावरच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

६. मालवणला जायचं ठरलं तर, निघण्याआधी

रस्ता सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट उतरून. एसटीनं जायचं तर कोल्हापूरला गाडी बदलायची तयारी ठेवा. पावसाळ्यात समुद्रातल्या सफरी बंद असतात. हिवाळ्यात पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. दिवाळीच्या आणि नाताळच्या गर्दीचे दिवस टाळा. त्या दिवसांत पाण्यात इतकी माणसं असतात की बोटवाल्याला नियम पाळायला वेळच नसतो.

जाण्याआधी महिनाभर शहरातल्या जलतरण तलावावर तरंगायची सवय करा. पोहता न येणाऱ्याला पाण्यात भीती वाटली की तो पायाखाली काहीतरी आधार शोधतो, आणि तिथं आधार म्हणजे प्रवाळ.

सोबत लागणारं:
– मूळ ओळखपत्र. विद्यार्थी असतील तर पालकांचं संमतीपत्र आणि शाळा-कॉलेजचं पत्र
– दमा, रक्तदाब, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी. फॉर्मवर हे लपवू नका
– अंगभर, घट्ट, लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा
– पाण्याची स्वतःची बाटली, कचऱ्यासाठी पिशवी

सदऱ्याचं कारण असं. सनस्क्रीन लावून पाण्यात उतरलं की ते धुऊन समुद्रात जातं. त्यातले ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट हे घटक प्रवाळांना अपायकारक ठरू शकतात म्हणून हवाईनं २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या छोट्या देशानं त्याच्या एक वर्ष आधीच असा कायदा लागू केला. सदरा घातला की हा प्रश्नच उरत नाही, आणि तो दहा वेळा वापरता येतो.

बोट किंवा डायव्हिंग केंद्र ठरवताना फोनवर चार प्रश्न विचारा. नांगर कुठं टाकता? माशांना पाव-बिस्किटं टाकता का? एका मार्गदर्शकामागं किती जण असतात? प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळतं का? नांगराचं उत्तर 'वाळूवर' किंवा 'बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला' असं आलं पाहिजे. लाइफ जॅकेटबाबत अजिबात तडजोड नको. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा केंद्रही तारकर्लीला आहे, तिथंही चौकशी करा.

आता मालवणच्या माणसांबद्दल. अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे, कारण कागदावर रेघ ओढली गेली ती त्यांच्या रोजच्या मासेमारीच्या पाण्यातून. हे सोलापूरकरांनी तरी पटकन समजून घ्यावं. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडकले, पुढं ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. पक्ष्याबद्दल कुणाच्या मनात राग नव्हता. राग होता तो न विचारता घातलेल्या बंधनांवर. तेव्हा मालवणच्या धक्क्यावर उभं राहून तिथल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, संवर्धन शिकवायला जाऊ नका. आधी त्याला विचारा की कुठले मासे कमी झाले, पाणी कधी गढूळ असतं, कुठल्या खडकावर पूर्वी काय दिसायचं. आम्हाला मिळालेली उत्तम माहिती अशाच गप्पांतून आली आहे, जाळं विणत बसलेल्या माणसाशेजारी मांडी घालून.

लोकांना सोबत घेतलं की काय होतं, हे आपल्याच राज्यात दिसतं. जाळ्यात कासव, देवमासा असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो सोडला, तर वनविभाग आणि कांदळवन (खारफुटी) प्रतिष्ठान जाळ्याची भरपाई देतं, २५ हजार रुपयांपर्यंत. २०१८ च्या अखेरीस ही योजना सुरू झाली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांचा बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. मालवणला गेलात तर एक दिवस वाढवून तिकडं जा. तुमचा पैसा कुणाच्या हातात जातो यानंही फरक पडतो.

७. पाण्यात उतरल्यावर

नियम थोडे आहेत पण एकही सोडू नका. काहीही हातात धरू नका. कशावरही उभं राहू नका. फिन्स घातलेल्या पायांनी तळाशी लाथा मारू नका, कारण उडालेला गाळ प्रवाळावर बसतो आणि त्याच्या शैवालाला ऊन मिळत नाही. तुटलेला तुकडाही उचलून आणू नका, तोही कायद्याखाली येतो.

मोठा सापळा फोटोचा आहे. मार्गदर्शक तुमचा हात धरून एका खडकाजवळ नेतो, तिथं पाय टेकवायला लावतो, पावाचा तुकडा दाखवून मासे गोळा करतो आणि कॅमेरा सुरू करतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मालवणात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवलं आहे. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून बोटीवरच सांगून ठेवा: "दादा, आम्हाला फोटो नसला तरी चालेल, पण खडकावर उभं करू नका आणि पाव टाकू नका." पैसे आधी ठरल्याप्रमाणे पूर्ण द्या, वर थोडे जास्त द्या. नियम पाळून जास्त कमाई होते हे त्याला कळलं, तर पुढच्या गटालाही तो तसंच नेईल.

८. नोंदी करा आणि पाठवा

पाण्यातला फोटो असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तारीख आणि जागा बरोबर घालून. जातीचं नाव माहीत नसेल तर 'प्रवाळ' एवढ्यावर ठेवा, ओळखणारे नंतर ओळखतात. अंदाजानं नाव ठोकून देऊ नका.

पोहण्यात हात बसला असेल तर कोरल हेल्थ चार्ट वापरून पाहा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पानं तो २००२ मध्ये तयार केला. पत्रकावर चार रंगछटांच्या ओळी असतात, प्रत्येकीत फिकट ते गडद असे एक ते सहा टप्पे. प्रवाळाजवळ पत्रक न टेकवता धरायचं, त्याच्या अंगावरची सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद जागा जुळवायची, दोन आकडे पाटीवर लिहायचे. एकाच जागेचे आकडे वर्षागणिक फिकटाकडे सरकले तर तिथं काहीतरी बिघडतंय हे कळतं. मालवणचं पाणी पुष्कळदा गढूळ असतं, त्यामुळे अंदाज येईना तर 'दिसलं नाही' असं लिहा. तीही नोंद आहे.

अभयारण्यात नमुने गोळा करणं किंवा पद्धतशीर संशोधन करायचं असेल तर वनविभागाची आधी लेखी परवानगी लागते. कॉलेजचा प्रकल्प असेल तर प्राध्यापकांमार्फत काही महिने आधी अर्ज करा.

परत आल्यावर आठवडाभरात तीन कागद करा. नोंदींची एक प्रत मालवणच्या वनविभागाच्या कार्यालयाला. एक त्या बोटवाल्याला, चांगलं काय दिसलं ते आधी लिहून. आणि एक पान सोबत न येऊ शकलेल्या मंडळाच्या, बचत गटाच्या लोकांसाठी, त्यांच्या भाषेत. आमच्याकडं तेलुगू पान आधी संपतं, म्हणून त्याच्या प्रती जास्त काढतो.